भोर ते भोर, व्हाया महाड आणि वाई

सामान लादून सायकलवर फिरणाऱ्यांना एक सवय असते. रात्री मोबाइलवर नकाशा उघडायचा, ऐंशी-नव्वद किलोमीटरवर बोट ठेवायचं आणि तिथे जे गाव येईल तिथे मुक्काम टाकायचा. सपाट मुलखात हे चालून जातं. सह्याद्रीत हा हिशेब पार कोलमडतो, कारण इथले वीस किलोमीटर कधी तासाभरात संपतात, तर कधी अख्खी सकाळ खातात. म्हणून मी हल्ली उलट्या बाजूनं सुरुवात करते. आधी जुन्या बाजारपेठेची गावं हेरायची, मग त्यांना जोडणारा रस्ता बघायचा. घाटाच्या पायथ्याला किंवा माथ्याच्या अलीकडे जिथे पिढ्यान्‌पिढ्या बाजार भरतोय, तिथे माणूस आणि जनावर दोघंही दमूनच पोचायची. त्यांना पाणी लागायचं, चारा लागायचा, गरम जेवण, पाठ टेकायला जागा आणि मोडलेलं नीट करून देणारा माणूस लागायचा. यातला चारा सोडला तर माझी यादी तीच आहे.

या हिशेबानं डिसेंबरात भोरहून निघायचं ठरवलं. वरंधा घाट उतरून महाड, तिथून पोलादपूर, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पाचगणीवरून पसरणीच्या घाटानं वाई आणि शेवटी मांढरदेवीच्या घाटानं परत भोर. सगळं मिळून दोनशे किलोमीटरहून थोडं जास्त. गाडीला एक दिवस पुरतो आणि गाडीवाले तसंच करतात. बरोबर माझा भाचा होता. वय पंचवीस, हातात सायकलिंगचं घड्याळ, बुडाखाली कार्बनची रेसिंग सायकल. मी पन्नाशीच्या पुढची आणि माझी सायकल पोलादी नळ्यांची, पस्तीस मिलिमीटर रुंद टायरची. तिच्यावर कॅरिअर पक्का बसतो आणि कॅरिअरवर दोन पिशव्या.

गिअरबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण या वाटेवर सुख आणि दुःख यांच्यात दहा-बारा दात्यांचा फरक आहे. माझ्याकडे पुढची सगळ्यात लहान चकती तीस दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी चौतीसची. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण एक मीटर नव्वद सेंटिमीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी पावणेसात किलोमीटर होतात. भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडाच जास्त वेग, पण गुडघे शाबूत राहतात आणि बोलता येतं. भाच्याची पुढची चकती चौतीस आणि मागची अठ्ठावीस. त्याच वेगाला त्याचे फेरे मिनिटाला पंचेचाळीसच्याही खाली येतात. मग प्रत्येक फेरा जिना चढल्यासारखा. हे मी त्याला निघण्यापूर्वी कागदावर लिहून दाखवलं होतं. "मावशी, पॉवर असली की होतं," असं उत्तर मिळालं. पॉवर होती, यात शंका नाही.

सामान दोघांचं मिळून दहा किलोच्या आत ठेवलं आणि सगळं माझ्या सायकलवर, कारण त्याच्या सायकलला कॅरिअर बसतच नाही. एक अंगावर, एक वाळत, एवढेच कपडे. दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, ब्रेकपॅडचा एक जोड, चेनचं तेल, हँडलवरच्या पिशवीत शेंगदाणे, गूळ आणि राजगिऱ्याच्या वड्या. जड वस्तू पिशवीच्या तळाशी ठेवायच्या, दोन्ही बाजूंना सारखं वजन. हे नीट जमलं नाही तर उतारावर वळण घेताना मागचं चाक डुलतं.

भोर म्हणजे पंतसचिवांचं संस्थान, १९४८ मध्ये विलीन झालं. राजवाडा अजून उभा आहे आणि सिनेमावाल्यांना तो फार आवडतो. आम्हाला आवडली ती सकाळी सहाला उघडणारी चहाची टपरी. गाव सोडलं की नीरेच्या खोऱ्यातून रस्ता हळूहळू वर सरकत राहतो. नीरा-देवघर धरणाचं पाणी कितीतरी वेळ बाजूनं सोबत करतं. हिर्डोशी मागे पडतं, वस्ती विरळ होते. भोरकडून वरंधा चढणं म्हणजे खरं तर चढणं नाहीच. देशावरून येणारा खिंडीपर्यंत फारसा घाम न गाळता पोचतो आणि मग एकदम पायाखालची जमीन संपते. रस्ता कावळ्या किल्ल्याच्या सोंडेतून कापून काढलाय. त्या कापातून पलीकडे गेलं की समोर कोकण, खोल, धुरकट. वाघजाईच्या देवळाशी भजीची दुकानं आहेत आणि माकडं. माकडांपासून हँडलवरची पिशवी सांभाळायची. गुळाचा वास त्यांना आपल्याआधी येतो.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, हे घाटात शिकायचं पहिलं काम. दाबून ठेवला की तो तापतो. रिमवर लागणारे ब्रेक असले तर रिमही तापते आणि आत ट्यूब फुटू शकते. सरळ भागात सायकल थोडी सुटू द्यायची, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात मारून वेग उतरवायचा, वळण ब्रेक सोडून घ्यायचं. आणि थांबायचं. हात दुखायला लागण्याआधी थांबायचं. वरंध्याचा कोकणाकडचा रस्ता अरुंद आहे, कडेला खडी आणि दरडीची माती पडलेली. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट बहुतेक वेळा बंद ठेवतात, त्यामुळे दिवाळीनंतरही चौकशी केल्याशिवाय निघू नये. दुपारचं ऊन या पश्चिमेच्या उतरणीवर सरळ अंगावर येतं. वरची थंडी माझेरी गाव येईपर्यंत विसरायला झाली. शिवथरघळीकडे जाणारा फाटा लागला. समर्थांनी दासबोध तिथे सांगितला असं मानतात. एरवी गेलो असतो, पण तिकडचा चढ बघून दोघांनीही खालूनच नमस्कार केला.

महाडला पोचलो तेव्हा बाजार उघडा होता. हे गाव इथेच का वसलं ते सायकलवरून आलं की कुणी समजावून सांगावं लागत नाही. मागे घाटाची भिंत, समोर सावित्री आणि सावित्रीत भरतीचं पाणी. पूर्वी मोठी गलबतं दासगावपर्यंत यायची, लहान होड्या महाडपर्यंत. वरून बैलांच्या पाठीवर गूळ, हळद, मिरची, कांदा-लसूण उतरायचं. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ वर जायचे. जिथे होडीची मजल संपते आणि बैलाची सुरू होते, तिथे बाजार. आजही एका गल्लीत बोंबील, जवळा, सुकट यांचे ढीग आणि दोन दुकानं सोडून तांदळाची पोती. भाच्यानं जवळ्याचा वास आल्यावर नाक मुरडलं. रात्री खानावळीत सुकटीची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या आल्यावर मात्र तिसरी भाकरी त्यानंच मागितली.

एका किराणा दुकानात मी खारे शेंगदाणे घेत होते. दुकानदारानं सायकल बघून चौकशी केली, पाणी दिलं आणि बोलता बोलता डोक्याच्या वर हात नेऊन भिंतीवर टेकवला. "ताई, इथपर्यंत." २२ जुलै २०२१ च्या पुराची गोष्ट. ज्या नदीनं गाव दिलं तिनंच ते धुऊन नेलं, असं काही तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "साखर गेली सगळी. तेलाचे डबे तेवढे तरंगले, ते सापडले." नंतर त्यानं माळा वाढवून घेतलाय. जड माल आता वरच असतो, आणि गिऱ्हाइकानं पोतं मागितलं की पोरगा शिडी लावतो.

चवदार तळ्यावर संध्याकाळी गेलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी या तळ्याचं पाणी प्यायलं. नगरपालिकेनं तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव त्याच्या तीन वर्षं आधी केलेला होता, आणि तो कागदावरच राहिला होता. पुढे खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये निकाल लागला. तळं भर वस्तीत आहे, चारी बाजूंनी घरं. फोटोत बघून मला ते गावाबाहेर कुठेतरी असेल असं वाटायचं. बाजाराला आलेल्या सगळ्यांची तहान जिथे भागायची तिथेच काहींना मज्जाव होता, हे त्या घरांच्या मधोमध उभं राहिल्यावर जास्त बोचतं. बाजारपेठांचं मी जे कौतुक करते आहे त्याला ही बाजूही आहे.

महाड ते पोलादपूर हा तुकडा मुंबई-गोवा महामार्गाचा. काँक्रीट, मोठे ट्रक, बघण्यासारखं काही नाही. पहाटे दिवे लावून कडेकडेनं उरकला. मागे लाल दिवा आणि अंगात चमकणारं जाकीट नसेल तर या रस्त्यावर उतरूच नये.

पोलादपूरला 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे आणि जवळच उमरठला तानाजी मालुसऱ्यांची. गाव लहान, पण घाटाच्या अगदी उंबऱ्यात असल्यामुळे सगळं मिळतं. ते लगेच उपयोगीही पडलं. भाच्याच्या मागच्या चाकातून टिंग असा आवाज आला आणि चाक ब्रेकला घासायला लागलं. स्पोक, म्हणजे चाकाची तार, तुटला होता. त्याच्या चाकाचे स्पोक चपटे, खास मापाचे, असले इथे कुठून मिळणार? सायकल दुरुस्तीचं दुकान उघडायला अजून वेळ होता. शेजारच्या हॉटेलवाल्यानं मालकाला फोन केला. सत्तरीचे काका लुंगीवरच आले. त्यांनी चाक फिरवलं, बघितलं, साधा स्पोक घेतला, मापाला कापला, टोकाला आटे पाडले, बसवला आणि चाक उलटं धरून आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला सुरुवात केली. हातात एक छोटा पाना, डोळा रिमवर. प्रत्येक फेऱ्याला पाव आटा. भाचा आधी मोबाइलवर पुण्यातल्या दुकानाचे नंबर शोधत होता, मग मोबाइल खिशात घालून त्यांच्याजवळ उकिडवा बसला. पैसे इतके कमी सांगितले की त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काका, याची सायकल दीड लाखाची आहे," मी म्हटलं. "असू दे. तार पंधरा रुपयांचीच आहे," काका म्हणाले. तो स्पोक पुण्यापर्यंत टिकला.

यामुळे निघायला उशीर झाला, तरी फारसं बिघडलं नाही. आंबेनळी सकाळीच चढायचा, याला एक साधं कारण आहे. सह्याद्रीची ही बाजू पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य डोंगराच्या मागून उगवतो, त्यामुळे बराच उशीर होईपर्यंत रस्ता सावलीत राहतो. जो घाट दुपारी भट्टी असतो तो सकाळी नऊला सुसह्य असतो. पोलादपूर समुद्रसपाटीच्या थोडंसंच वर, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आणि मधलं अंतर चाळीस किलोमीटरच्या आत. सुरुवातीला कापडे, किनेश्वर अशी गावं लागतात. किनेश्वरला बाटल्या भरून घ्याव्यात, पुढे वाडा कुंभरोशी गावापर्यंत पाण्याचा भरवसा नाही.

चढाची एक लय लागते. ती लागेपर्यंतचा पहिला अर्धा तास वाईट. श्वास आणि पायडल जुळत नाहीत, पुढे किती वळणं आहेत ते डोळा मोजत राहतो. मग कधीतरी मोजणं थांबतं. मी दर पाऊण तासानं थांबते, दम लागलेला असो वा नसो. गूळ-शेंगदाणे खाते, दोन घोट पाणी पिते आणि पाचव्या मिनिटाला निघते. जास्त थांबलं की पाय गारठतात. भाचा पुढे जायचा, कठड्यावर बसायचा, मी पोचले की उठायचा. दोन-तीन तासांनी त्याचं पुढे जाणं कमी झालं. मग आम्ही शेजारी-शेजारीच चढत होतो आणि तो पायडलवर उभा राहून सायकल डावी-उजवीकडे ओढत होता. मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

या चढाची एक गंमत मला फार आवडते. जुनी वाट पार नावाच्या गावावरून जायची. ती बैलांची आणि माणसांची, त्यामुळे उभी. वाईहून अफजलखान १६५९ मध्ये जावळीत आला तो याच मुलखातून, हत्ती-तोफांसह, आणि त्या वाटेनं त्याच्या फौजेची काय दैना केली असेल ते इथल्या दऱ्या बघितल्या की ध्यानात येतं. आजचा रस्ता इंग्रजांच्या काळात आखलेला, चाकांच्या गाडीसाठी. भरलेली बैलगाडी चढली पाहिजे म्हणून तो डोंगराच्या अंगाअंगानं, लांबलांब वळणं घेत, चढ कुठेही फार अंगावर न आणता वर जातो. बैलाला जो चढ झेपतो तो लादलेल्या सायकललाही झेपतो. मोटारवाल्याला अशा रस्त्याचा कंटाळा येतो. माझ्यासाठी तो कुणीतरी विचार करून ठेवलाय असं वाटतं.

वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा. पिठलं-भाकरी, ताक, ठेचा. गडावर सायकली नेल्या नाहीत. तिथून पुन्हा मेटतळ्यावरून चढ आणि हा दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा जड जातो, कारण पोट भरलेलं आणि ऊन वर आलेलं. जंगल मात्र दाट होत जातं आणि शेवटच्या काही किलोमीटरांत हवा एकदम बदलते. महाबळेश्वरची मालकम पेठ म्हणजे साहेबाच्या हवापालटासाठी वसवलेला बाजार. तो वाट संपते म्हणून वसलेला नाही आणि ते जाणवतं. चणे, चपला, स्ट्रॉबेरी, गर्दी. मुक्काम केला आणि सकाळी निघालो. यापेक्षा त्या गावाबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पाचगणीपर्यंत रस्ता वर-खाली होत राहतो आणि मग पसरणीचा घाट. शनिवार-रविवारी इथे येऊ नये, मोटारींची रांग पार खालपर्यंत असते. आम्ही मधल्या वारी उतरलो. उजेड स्वच्छ होता, डावीकडे धोम धरणाचं पाणी, खाली वाईचं खोरं, उसाचे आणि हळदीचे चौकोन. हळद पिवळी पडायला लागली होती. पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव, घाटाच्या पायथ्याशीच.

वाईला आम्ही एक दिवस जास्त राहिलो आणि तो राहावाच. कृष्णेच्या काठानं दगडी घाट, ढोल्या गणपतीचं देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं. त्याची मागची भिंत पुराच्या पाण्याला कापण्यासाठी माशाच्या आकारात निमुळती केलीय. महाडचा माळा बघून आल्यामुळे ही भिंत मी जरा जास्त वेळ बघितली. नदीशी जमवून घ्यायची दोन्ही गावांची तऱ्हा वेगळी, पण गरज एकच. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच बसून ते करत होते. विश्वकोशाला पुणं-मुंबई कशाला हवी, असं वाईच्या गल्ल्यांतून हिंडताना वाटतं. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा सायकलनं अगदी जवळ, रस्ताही सपाट. घाटावर टांगलेली मोठी घंटा वसईच्या मोहिमेतून आलेली म्हणून सांगतात. आणि बाजारात दोर, विळे, घोंगड्या, शेतीची अवजारं यांची दुकानं अजून टिकून आहेत. लोहाराच्या दुकानाबाहेर भाच्यानं कोयता हातात घेऊन वजन बघितलं. मी त्याला सामानाची मर्यादा आठवून दिली.

मांढरदेवीचा घाट हा या फेरीतला सगळ्यात कठीण तुकडा, लांबीनं कमी असला तरी. बोपर्डी सोडलं की थोड्याच वेळात रस्ता उभा राहतो. हा रस्ता मोटारींसाठी काढलेला, बैलाचा विचार कुणी केलेला नाही. वळणाच्या आतल्या बाजूनं गेलं तर पुढचं चाक उचलतं, म्हणून वळण बाहेरून घ्यायचं, मागून गाडी येत नाही हे ऐकून. काळूबाईचं देऊळ साडेचार हजार फुटांच्या आसपास. मंगळवार, शुक्रवार, रविवारी आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेत इथे गाड्यांचा महापूर असतो, ते दिवस टाळावेत. शेवटच्या दोन वळणांवर भाचा उतरून सायकल ढकलत चालला. देवळातून परतणाऱ्या आजी त्याला म्हणाल्या, "बाळा, पेट्रोल संपलं का?"

पलीकडच्या उताराआधीच ब्रेकपॅड संपल्यातच जमा होते. माथ्यावरच नवा जोड बसवला. आंबवड्याला पंतसचिवांच्या काळातला झुलता पूल आणि नागेश्वराचं देऊळ आहे. तिथून भोर जवळच.

पुण्यात आल्यावर आठवड्याभरात भाच्यानं मागे चौतीस दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बसवून घेतली. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा त्याचा जुना डिरेलर ती पेलत नव्हता, म्हणून तोही बदलावा लागला. आता तो मलकापूरहून अणुस्कुऱ्याच्या घाटानं राजापुरात उतरायचं म्हणतोय. राजापूर खाडीच्या टोकाला, जुनी वखारींची पेठ, म्हणजे हिशेब तोच. माझा आक्षेप फक्त त्याच्या तारखेला आहे. एप्रिलमध्ये तो घाट परत चढून यायला मी तयार नाही. जानेवारी म्हणत असेल तर पिशव्या बांधलेल्याच आहेत, पण या वेळी अर्धं ओझं त्याच्या पाठीवर.